आधी शेगडा, मग ड्रिल

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात गेलात तर तिथल्या उपकरणांकडे एकदा निराळ्या दृष्टीने पाहा. पुठ्ठा, थर्मोकोल, काड्या, डिंक, चिकटपट्टी हे सारे मुलांच्या हातचे काम आहे हे लगेच ओळखू येते. मात्र एखाद्या उपकरणात लोखंडी पट्टीला नेटके भोक दिसले आणि ते कोणी पाडले असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, ‘‘नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाडून आणले.’’ घरी विजेचे ड्रिल असते. शाळेच्या कपाटातही एखादे असते. पण घरी हात लावू देत नाहीत आणि शाळेत कपाटाची किल्ली सापडत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचीही घरे आहेत. तिथे पट्टी फरशीवर ठेवायची, तिच्यावर चपलेचा पाय द्यायचा किंवा धाकट्या भावाला ती धरायला सांगायची आणि ड्रिलचे बटण दाबायचे, अशी रीत असते. ‘‘घट्ट धर म्हणजे झाले’’ एवढीच काय ती सुरक्षिततेची शिकवण!

माझ्या मते ही दोन्ही घरे एकच गोष्ट विसरतात. धातूला भोक पाडताना नेमके काय घडते याचा विचार पहिल्या घराने केलेला नाही आणि दुसऱ्यानेही नाही. तो विचार करण्यासाठी आठवी-नववीचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, मुलामुलींनी धातूला भोके जरूर पाडावीत. मात्र ज्या घरात किंवा शाळेत शेगडा नाही, तिथे विजेचे ड्रिल आणूच नये. शेगडा म्हणजे जाड टेबलावर बोल्टांनी पक्के बसवलेले, दोन जबड्यांत वस्तू आवळून धरणारे साधन. कारागीर त्याला व्हाइस म्हणतात. ज्या कामाला शेगडा सोयीचा नाही, तिथे टेबलाच्या कडेशी जॉब आवळणारे दोन सी-क्लॅम्प चालतील. (ज्या वस्तूवर काम चालले आहे तिला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.)

शेगड्याचा एवढा आग्रह का, ते पाहू. न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला पाठ आहेच. ड्रिलचे पाते जॉबला जितक्या जोराने एका दिशेला फिरवू पाहते, तितक्याच जोराने जॉब पात्याला आणि पर्यायाने मशिनला उलट दिशेला फिरवू पाहतो. पाते सुरळीत कापत असते तोवर हा जोर थोडा असतो. पाते अडकले की तो एकदम वाढतो आणि मग काहीतरी फिरणारच. फिरणारी गोष्ट जॉब असेल, मशिन असेल, नाहीतर ते धरणाऱ्याचे मनगट असेल. यांपैकी काय फिरू द्यायचे नाही हे मशिन सुरू करण्यापूर्वी ठरवायचे असते. नंतर ठरवायला वेळ नसतो. किती वेळ नसतो, हे आकड्यांत पाहू.

समजा, ३ मिलिमीटर जाडीची आणि २० सेंटिमीटर लांबीची मऊ पोलादाची पट्टी आहे. तिच्या मध्यावर १० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडायचे आहे आणि पाते मिनिटाला ८०० फेरे घेत आहे. पाते अडकले आणि पट्टी हातातून सुटून त्याच्याबरोबर फिरू लागली, तर तिचेही मिनिटाला ८०० फेरे होतील, म्हणजे सेकंदाला सुमारे १३. पट्टीचे टोक मध्यापासून १० सेंटिमीटरवर आहे. ते एका फेऱ्यात सुमारे ६३ सेंटिमीटर अंतर कापते. गुणाकार करा. टोकाचा वेग सेकंदाला ८ मीटरहून अधिक, म्हणजे ताशी ३० किलोमीटर येतो! करवतीने कापलेली, कानस न मारलेली धारदार कड एखाद्या स्कूटरच्या वेगाने बोटांवर येते. काही विपरीत घडल्याचे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद तरी लागतो. तेवढ्यात पट्टीचे अडीच फेरे होऊन गेलेले असतात. तेव्हा ‘मी लक्ष ठेवून आहे’ या म्हणण्याला इथे काहीच अर्थ नाही.

यावर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘‘आम्ही इतकी वर्षे हातानेच पट्टी धरत आलो, काही झाले नाही.’’ ते खोटे बोलत नाहीत. पात्याच्या कापणाऱ्या धारेचे बाहेरचे टोक मध्यापासून ५ मिलिमीटरवर आहे आणि त्यांचा हात १०० मिलिमीटरवर. तरफेच्या नियमाने हाताला २० पट फायदा मिळतो. म्हणून एरवी पट्टी हातात सहज राहते आणि माणूस निर्धास्त होतो. पण जॉब लहान झाला की हा फायदा झपाट्याने घटतो. ३ सेंटिमीटरचा अँगलचा तुकडा चिमटीत धरला, तर हात मध्यापासून जेमतेम १५ मिलिमीटरवर येतो आणि फायदा फक्त तिप्पट उरतो. एवढासा तुकडा काय करणार, असे आपल्याला वाटते. खरे तर जितका तुकडा लहान, तितका तो हातात धरणे वाईट.

आता पाते अडकते तरी का? आणि तेही बहुधा भोक पुरे होत आले असतानाच का? यासाठी ड्रिलचे पाते हातात घेऊन त्याचे टोक भिंगातून पाहा. (पाते मशिनमधून काढूनच, बरे का!) दोन तिरप्या धारा दिसतील. त्यांच्यामध्ये साधारणपणे ११८ अंशांचा कोन असतो. त्या दोन धारांना जोडणारी एक छोटी आडवी कडही टोकाशी दिसेल. गंमत अशी की ही मधली कड नीट कापतच नाही. ती धातूला रगडते, बाजूला ढकलते. आपण मशिनवर जो दाब देतो त्याचा मोठा भाग या एवढ्याशा कडेवरच खर्च होतो. ती पट्टीच्या खालच्या बाजूने बाहेर पडली की तिचा विरोध क्षणात नाहीसा होतो. आपला हात मात्र पूर्वीइतकाच दाबत असतो. पाते झपकन पुढे घुसते, धारा एकदम जाड थर कापू पाहतात आणि अडकतात. शिवाय पात्यावरचे मळसूत्री खाचे स्क्रूप्रमाणे वागू लागतात आणि मोकळी पट्टी पात्यावर चढत वर येते. बंद दारावर खांदा लावून जोर करावा आणि आतून कोणी अचानक कडी काढावी, तसा हा प्रकार असतो.

एकदा हे कारण कळले की उपाय पाठ करावे लागत नाहीत. जॉब आवळलेला हवा, हे झालेच. क्लॅम्पने टेबलावर आवळताना पट्टीखाली लाकडाचा ठोकळा घ्यावा. पाते लोखंडातून निसटले तरी लाकडात शिरते, त्याला आधार मिळतो आणि टेबलही वाचते. शेवटचा मिलिमीटर उरला की दाब कमी करावा. हा क्षण मशिनचा बदलता आवाज आणि हाताला जाणवणारी थरथर यांवरून ओळखता येतो. मोठे भोक पाडायचे असेल तर आधी ३ मिलिमीटरचे वाटाडे भोक पाडावे, म्हणजे मोठ्या पात्याच्या मधल्या कडेला कामच उरत नाही आणि दाब खूपच कमी लागतो. याला एक अपवाद आहे. पितळेत आणि पातळ पत्र्यात पाते आधीच आत ओढले जाते. तिथे मोठे वाटाडे भोक घेतले तर ते अधिकच अडकते. पितळेसाठी जोडारी पात्याच्या धारेचा तीक्ष्ण कोन दगडावर किंचित मारून घेतात. पातळ पत्रा मात्र दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून, फळीसकट भोक पाडलेले उत्तम. नाहीतर भोक गोल न होता तिकोनी होते आणि पत्रा पंख्यासारखा फिरतो.

भोकाची जागा सेंटर पंचाने ठोकून घेतल्यावाचून पाते टेकवू नये. गुळगुळीत पोलादावरून पाते घसरते, आणि घसरले की जवळच्या हाताकडे जाते.

ड्रिल स्टँडवर बसवलेले नसून हातात धरलेले असेल, तर जॉब आवळल्यावर फिरण्याची पाळी मशिनची येते. म्हणून बाजूची मूठ काढून पेटीत ठेवू नये. ती लावूनच, दोन्ही हातांनी मशिन धरावे. बटण दाबलेले राहावे म्हणून बाजूला जी खुंटी असते, तिचा धातूच्या कामात कधीही उपयोग करू नये. बोट सुटताच मशिन थांबले पाहिजे. चक आवळण्याची किल्ली चकमध्येच विसरली तर बटण दाबताच ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. माझ्या मते ही किल्ली वायरीला प्लगच्या अगदी जवळ बांधून टाकावी. म्हणजे पाते बदलायचे तर प्लग काढावाच लागतो. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांविषयी तुम्ही पुष्कळ वाचले असेल, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

हातमोज्यांविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. बाजारात ‘सुरक्षा संच’ म्हणून गॉगल आणि हातमोजे एकाच पाकिटात मिळतात. पालक ते प्रेमाने आणतात आणि मूल दोन्ही चढवून ड्रिल हाती घेते. यातील गॉगल योग्य आहे, हातमोजा घातक आहे. फिरत्या यंत्राजवळ हातमोजा घालू नये असे जाणते कारागीर सांगतात, पण का ते सांगत नाहीत. त्याचाही हिशेब करता येतो. चकचा व्यास सुमारे ४ सेंटिमीटर धरा. परीघ झाला साडेबारा सेंटिमीटर. सेकंदाला १३ फेरे म्हणजे एका सेकंदात दीड मीटरहून अधिक लांबीचा धागा चकभोवती गुंडाळला जाऊ शकतो. उघड्या बोटाला पाते लागले तर जखम होते आणि बोट झटकन मागे येते. हातमोज्याचा धागा अडकला तर बोट मागे येऊ शकत नाही, ते आत ओढले जाते. हाच हिशेब ओढणीला, सैल बाहीला, टायला, गळ्यातल्या साखळीला, मनगटातल्या राखीला आणि मोकळ्या वेणीला लागू आहे. ओढणी बाजूला ठेवून आणि केस घट्ट बांधून मुलीनेही हे काम निःशंकपणे करावे. तिला ‘हे तुझे काम नव्हे’ असे सांगणाऱ्याजवळ असा कुठलाच हिशेब नसतो.

गॉगल बाजूनेही झाकलेला हवा, साधा चष्मा पुरत नाही. धातूचा कीस तोंडाने फुंकू नये, बोटानेही झाडू नये. मशिन थांबवून ब्रशने काढावा. पोलादाचा लांब वळ्यांचा कीस वस्तऱ्यासारखा कापतो आणि चांगलाच गरम असतो. डोळ्यात लोखंडाचा कण गेलाच तर चोळणे, रुमालाच्या टोकाने काढू पाहणे हे घरगुती उपाय करू नयेत. बुबुळात रुतलेल्या लोखंडाभोवती काही तासांतच गंजाची कड धरू लागते. थेट नेत्रवैद्याकडे जावे.

गरम किसावरून आठवले. धातूला भोक पाडताना उष्णता निर्माण होते, या साध्या निरीक्षणाने पदार्थविज्ञानाच्या इतिहासात मोठी उलथापालथ घडवली आहे. काउंट रम्फर्ड म्हणजेच बेंजामिन थॉम्पसन हा म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोके पाडण्याच्या कामावर देखरेख करीत असे. तोफ आणि कीस इतके तापतात कसे, याचे त्याला कुतूहल वाटले. त्याने पाण्याच्या पेटीत तोफेचा ओतीव ठोकळा बसवला आणि घोड्यांच्या बळावर तो एका मुद्दाम बोथट ठेवलेल्या पात्यावर घासत फिरवला. अडीच तासांनी पाणी उकळू लागले! चुलीवाचून पाणी उकळलेले पाहून जमलेले लोक थक्क झाले. उष्णता हा धातूत साठवलेला एखादा द्रव पदार्थ असता तर तो कधीतरी संपला असता. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता मिळतच राहते, तेव्हा ती गतीशी निगडित असली पाहिजे, असे रम्फर्डने १७९८ साली मांडले.

आपल्या कामाचा मुद्दा त्याच्या ‘बोथट’ या शब्दात आहे. बोथट पाते कापत नाही, घासते. आपण देत असलेली ऊर्जा कीस काढण्याऐवजी उष्णतेत जाते. मग आपण अधिक दाब देतो, पाते अधिक तापते, अधिक बोथट होते आणि आरपार पडण्याच्या क्षणी हा सारा दाब अंगावर उलटतो. धारदार पाते अधिक धोक्याचे, असे घरोघरी समजतात. ड्रिलच्या बाबतीत नेमके उलटे आहे.

दुसरी चूक वेगाची. पात्याची कडेची धार मिनिटाला किती मीटर चालते यावर तिचे तापणे अवलंबून असते. हायस्पीड पोलादाच्या पात्याने मऊ पोलाद कापताना हा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास ठेवतात. त्यावरून १० मिलिमीटरच्या पात्याला मिनिटाला सुमारे ८०० फेरे आणि ३ मिलिमीटरच्या पात्याला सुमारे २,६५० फेरे येतात. पाय गुणिले व्यास गुणिले फेरे, हे गणित वहीत करून पाहा. म्हणजे व्यास वाढला की फेरे कमी करायचे. घरात नेमके याच्या उलट होते. मोठे भोक, म्हणून बटण पूर्ण दाबतात. १० मिलिमीटरचे पाते २,८०० फेऱ्यांवर चालवले तर धारेचा वेग मिनिटाला ८८ मीटर होतो, हवा त्याच्या साडेतीन पट. पोलादाचा चकचकीत कीस निळसर होऊन येऊ लागला तर समजावे की वेग जास्त झाला किंवा धार गेली. अधूनमधून तेलाचे दोन थेंब टाकावेत आणि पाते वर उचलून कीस मोकळा करावा.

काही कामे मात्र खुशाल नाक्यावरच्या कारागिरालाच द्यावीत. स्टेनलेस स्टीलची जाड पट्टी किंवा कडक केलेली कमान घरच्या पात्याला दाद देत नाही. पेट्रोल, थिनर किंवा रंग ठेवलेला बंद डबा, फवाऱ्याचा डबा, वायूची कोणतीही टाकी यांना तर कोणीच भोक पाडू नये. रिकामा दिसणारा डबा वाफेने भरलेला असतो आणि पात्याशी ठिणगी पडू शकते.

आता शिक्षकांशी थोडे बोलतो. ‘‘मुलाला काही झाले तर जबाबदार कोण?’’ ही तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण या भीतीचे उत्तर कपाटाला कुलूप हे नव्हे. आपल्या देशात १९४८ साली जो कारखाने अधिनियम झाला, त्याच्या २३व्या कलमात धोकादायक ठरवलेल्या यंत्रांवर काम करणाऱ्या अल्पवयीन कामगारांविषयी तरतूद होती. त्या यंत्राचे धोके आणि घ्यावयाची खबरदारी यांची पूर्ण माहिती त्यांना दिलेली असावी, शिवाय पुरेसे शिक्षण मिळालेले असावे किंवा जाणकाराची देखरेख असावी, अशी ती अट होती. कारखान्यासाठी कायदा करणाऱ्यांना माहिती, शिक्षण आणि देखरेख यांवर विसंबता आले, तर शाळेलाही येईल. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आणि तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमातून ग्रामीण मुलामुलींनी वेल्डिंगपासून बांधकामापर्यंतची कामे हातांनी केली आहेत. २०१६ पासून देशभर अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या. तिथला थ्री-डी प्रिंटर पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. अशा खोलीत गेलो की माझी नजर आधी शेगडा शोधते. तो नसेल, किंवा असून टेबलाला बोल्ट न मारता नुसता ठेवलेला असेल, तर त्या खोलीत धातूचे काम होत नाही हे विचारावे लागत नाही.

शाळेने काय करावे? जाड फळीचे, न हलणारे एक टेबल घ्यावे. त्यावर चार इंची जबड्याचा शेगडा अशा उंचीवर बसवावा की मुलाचे कोपर जबड्याच्या पातळीत येईल. लहान मुलांना उभे राहायला पाट ठेवावा, पण तोही पक्का. मग एक दाते-चाकांचे हातड्रिल आणावे. विजेचे ड्रिल पहिले सहा महिने आणूच नये. हातड्रिलची मूठ मूल स्वतः फिरवते. पाते अडकले की मूठ अडते आणि काय झाले ते हाताला कळते. आरपार पडण्याच्या क्षणीचा तो झटका, जो विजेच्या मशिनवर दिसण्याआधीच होऊन जातो, तो इथे सावकाश अनुभवता येतो. ६ मिलिमीटरपर्यंतची भोके त्याने चांगली पडतात, आणि प्रदर्शनातल्या बहुतेक उपकरणांना त्याहून मोठी लागतही नाहीत.

पहिल्या तासाला प्रत्येकाला एकेक पट्टी द्यावी. खूण करणे, सेंटर पंच मारणे, शेगड्यात आवळणे आणि ओढून पाहणे, एवढेच त्या तासाचे काम. दुसऱ्या तासाला तीच पट्टी आधी लाकडाच्या आधाराने आणि मग आधारावाचून, अर्थात दोन्ही वेळा आवळूनच, हातड्रिलने भोकावी आणि खालच्या बाजूच्या कडांवर बोट न फिरवता भिंगातून पाहून दोन भोकांतला फरक वहीत लिहावा. नंतर त्या कडा कानशीने काढाव्यात.